झुरूभाऊच्या काड्या

बसा बाप्पा, मागचेही बसा. माइक नको मले. बाजारात वरडून वरडून हा आवाज तयार झाला हाये. झुरूभाऊची बायको सोमीबाई समोर बसली हाये. तिच्याकडं पाहून बोलाची हिंमत नाई, म्हून मी खाली पाहून बोलतो.

मी हनीफ, कुरखेड्याचा. जंगलपट्टीतल्या बाजारात चपलांचं दुकान लावतो. झुरूभाऊ माहा लय जुना गिऱ्हाईक. त्याच्या टोल्यावरून, म्हंजे जंगलातल्या वस्तीवरून, बाजार लांब, म्हून एकच माणूस अख्ख्या टोल्याचा बाजार करते. मग चपलांचं माप कसं आणावं? ज्याच्या त्याच्या पायाएवढी काडी तोडाची अन् सगळ्या काड्यांची जुडी बांधाची. झुरूभाऊ एकेक काडी चपलेवर ठेवे. "ही सासूची. ही माह्या पोरीची. हिले थोडी मोठी दे हनीफभाऊ, पाय वाढून राह्यला तिचा." मग आम्ही चहा पिऊ, अन् निघताना तो गोंड लोकांचा रामराम घाले, "जय सेवा."

त्या दिवशीही चहा प्याला. थैली भरून निघाला अन् बाजाराच्या तोंडावर पोलिसांनी धरला. एवढ्या चपला कोणाले? जंगलात कोणाले पुरवतं, नक्षल्यायले? अन् ह्या काड्या कशाच्या? हा गोंडी बोलणारा माणूस, घाबरला का मराठी पारच विसरे. त्याले गचांडी धरून माह्या दुकानापुढं आणलं. साहेब म्हणे, "याले ओळखते का बे?"

झुरूभाऊनं माह्याकडं पाहलं. बिनघोर पाहलं हो. त्याले वाटलं, आता सुटलो. काड्या कशाच्या, हे त्या बाजारात मलेच तं माहीत होतं.

अन् मी काय म्हणलो? म्हणलो, "साहेब, बाजारात हे लोक सगळे सारखेच दिसतात."

थू! थू माह्या तोंडावर!

भेव वाटला म्हून बोललो, असं मी घरी सांगितलं. ते अर्धंच खरं हाये. अर्धं असं, का त्या घडीले माह्या मनात आलं, जंगलातला माणूस, याचा काय भरवसा? ज्याच्या संग मी आत्ताच चहा प्यालो, त्याचा! माह्या पोराले नागपुरात निसतं नाव ऐकून गाडीतून उतरवलं होतं, तवा मीच गावभर बोंबललो होतो. अन् स्वतःची पाळी आली तं मीही तेच केलं. किळस येते मले माही.

अन् ऐका. त्याच बाजारात ठेकेदाराच्या माणसानं मजुरांसाठी पोतंभर चपला नेल्या. त्याले कोणी इचारलं? उलट शिपायानं पोतं गाडीवर बांधून देलं! काऊन? त्याचा शर्ट इस्त्रीचा होता म्हून?

झुरूभाऊले सोडलं तवा तो बरगडी धरून चालत होता. माह्या दुकानावरून गेला, पण थांबला नाई. मीही हाक नाई मारली. मग खाटेवर पडला तो उठलाच नाई. मरण आलं, पण डाग गेला नाई. सोमीबाई ज्याच्या त्याच्या दारात एकच गोष्ट मागून राह्यली, का माह्या माणसाचं नाव साफ करा. पोरीले शाळेत लोक काय म्हणतात, ते इथी बोलवत नाई.

अन् आपण? आत्ता या शोकसभेच्या बाहेर, हारवाल्याजवळ, आपल्यातलाच एक जण म्हणे, "काहीतरी असंलच, पोलीस खालीपिली थोडी उचलतात!" हातात हार अन् तोंडात हे! त्याचं नाव नाई घेत मी. त्यानं मान खाली घातली हाये, पाहा.

उद्या मी मोठ्या साहेबाकडं जाऊन लिहून देतो, का मी खोटं बोललो, तो माहा ओळखीचा होता, अन् काड्या लेकराबाळांच्या पायाच्या होत्या. दुकान उठवलं तं उठवू दे. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी पाहलं अन् तोंड फिरवलं, त्यांनी संग या.

आता दोन मिनिटं मौन, असं अध्यक्ष सांगून राह्यले. नाई अध्यक्षभाऊ, मौन नको. मौन आपण त्या दिवशी बाजारातच पाळलं, अख्ख्या बाजारानं पाळलं.

उभे राहा सगळे. सोमीबाईले ऐकू जाईन, तिच्या पोरीले ऐकू जाईन, असं मोठ्यानं म्हणा. मी सुरू करतो.

झुरूभाऊ, जय सेवा. मी तुले ओळखतो.