ढाणकीहून न आलेली कॅसेट

समारंभाचे अध्यक्ष माननीय फुलचंदजी, व्यासपीठावरचे ढाणकीचे केबलचालक सरदारभाई, आणि समोरच्या मोजक्या रसिकहो! खुर्च्या कमी पडू नयेत म्हणून मी चाळीस जास्तीच्या मागवल्या. कंपनीची ही शेवटची चूक समजून पोटात घाला.

आज ‘शेजार प्रसारण’ बंद होतंय. अध्यक्षांनी तिला संस्था म्हटलं, त्यांचा मोठेपणा. कंपनी म्हणजे काय होतं हो? आर्णीतली एक खोली, एक कॅमेरा आणि माझी पत्नी शोभा. दर आठवड्याला ती अर्धा तास कपाशीवरचा सल्ला सांगायची, एखादा पदार्थ करून दाखवायची, पत्रांना उत्तरं द्यायची. कॅसेट मात्र एकच निघायची. पहिल्या आठवड्यात ती आर्णीचा केबलवाला दाखवणार, दुसऱ्यात राळेगावचा, तिसऱ्यात ढाणकीचा. मधला प्रवास एसटीच्या कंडक्टरच्या भरवशावर. त्यामुळे शोभाचा तिळगूळ ढाणकीला पोचेपर्यंत रथसप्तमी उलटून जायची!

नियम दोन, दोन्ही माझेच. पट्टी मागे गुंडाळून कॅसेट परत करायची. आणि फेरी पुरी झाली की ती पुसून पुन्हा वापरायची. कापसाचा भाव पडला की लोक आधी केबल तोडतात, मग नवी कॅसेट कुठून आणणार? सात वर्षांचे कार्यक्रम मी माझ्या हातानं पुसले.

दोन हजार तीनच्या श्रावणात चौदा नंबरची कॅसेट निघाली आणि चौथ्या दिवशी शोभा तापानं गेली. तेरावं आटोपलं आणि मी ढाणकीची एसटी धरली. कारण तिथं ती अजून यायची होती. सरदारभाईंच्या आई रहमतबींजवळ बसून कार्यक्रम पाहिला. शेवटी शोभा नेहमीसारखी हसून म्हणाली, “चुकलंमाकलं माफ करा, पुढच्या बुधवारी या.” रहमतबींना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “काहून रडून राह्यले भाऊ? बाई तं बोलावून राह्यली!”

कॅसेट मागायला तोंड उघडलं नाही. घरी येऊन मात्र पत्रं धाडली. ‘क्रमांक चौदा आपणांकडे प्रलंबित आहे, तरी त्वरित परत करावी.’ अशी चार पत्रं. बायकोचा आवाज असा मागतात का कुणी? सरदारभाईंचं एकच उत्तर यायचं, ‘हरवली.’ शोभामागे कंपनी नुसती नावाला उरली, आणि तीन वर्षं मी या माणसाशी अबोला धरला. घरात बोलायला कुणी नाही, आणि बाहेरचा एक मित्र होता तोही तोडला.

मघाशी अध्यक्ष बोलत असताना सरदारभाईंनी माझ्या हातात ही कॅसेट ठेवली. म्हणाले, “पाठवली असती तं तुमी पुसली असती, वामनराव.” पुसली असती का मी? खरं सांगतो, मला टाकून गेली म्हणून त्या वर्षी मी तिच्यावर इतका रागावलो होतो, पुसलीच असती.

कॅसेट पाहिली आणि सवयीनं बोलून गेलो, “पट्टी मागे घेतली नाही, सरदारभाई!” ते म्हणाले, “अम्मीनं जिथं थांबवली, तिथंच हाय.” रहमतबी गेल्या चैत्रात वारल्या.

काल आमचं कॅसेट लावायचं शेवटचं मशीन भंगारात गेलं. तुमच्यापैकी कुणाकडे चालू असेल, तर सभेनंतर जरा थांबा. एकट्यानं पाहण्याचं बळ माझ्यात नाही. सरदारभाई, तुम्ही तर याच.

आपण आलात, आभारी आहे. चुकलंमाकलं माफ करा. पुढचं वाक्य तिचं आहे, ते तिलाच म्हणू द्या.