सहा, सहा, नऊ

नाही हो, पाचशे शहात्तर लावून काय उपयोग? तो चोवीसचा शाळेतला वर्ग, चोवीस गुणिले चोवीस. घर नंबर चोवीस, त्याचा वर्ग लावलाय म्हणालात ना, आणि आकडा आमच्या दादानं लावून दिलेला — थोरला भाऊ माझा, दुकान दोघांचं होतं — मग बॅग दादाच्याच गणितानं उघडणार. द्या इकडे. ही बघा तीन चाकं. नवाच्या पुढे शून्य येतं, पण शेजारच्या चाकाला त्याचा पत्ताही नसतो, ते जागचं हलत नाही. म्हणून दादा म्हणायचा, कुलपाच्या गणितात हातचा धरायचा नाही. चार चोक सोळा — सहा ठेवा, एक सोडून द्या. बे चोक आठ, ते दोनदा, सोळा — पुन्हा सहाच. बे दुणे चार. चार, सहा, सहा. दोन आकडी कुठलाही नंबर घ्या, वर्ग तीन चाकांत बसणार म्हणजे बसणार. दोघांनाच यायचं हे. दादाला आणि मला.

चाक घट्ट झालंय, तेल सोडतो. थांबा जरा.

दादा? गेला. तीन आठवडे झाले. रडूबिडू नाही आलं — खरं सांगतो, काहीच नाही झालं, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं मी. अकरा वर्षं बोलणं नव्हतं आमचं. तो दवाखान्यात होता तेव्हा दुकान मी माझ्या एकट्याच्या नावावर — जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय. घरी नाही गेलो त्याच्या, कधीच नाही. त्या दिवशीही परस्पर स्मशानात. परवा वहिनी त्याची पेटी घेऊन आल्या. असंच कुलूप. कान लावून दोन मिनिटांत उघडलं असतं, धंदाच आहे आपला — पण म्हटलं, आकड्यानं उघडू. लग्नाचं साल, त्याचं वय, वहिनींचं वय — काही लागेना. शेवटी माझ्या खोलीचा नंबर धरला. त्रेसष्ट. सहा, सहा, नऊ. खट्कन उघडलं. वाटलं, अकरा वर्षं हा माणूस रोज माझ्याच दाराचा नंबर फिरवत होता. बसूनच राहिलो या स्टुलावर.

वहिनींनी आतला चष्मा घेतला, कागद घेतले. जाता जाता म्हणाल्या, या कधीतरी घरी, सत्तेचाळीस नंबर.

सात साते एकोणपन्नास, नऊ. सात चोक अठ्ठावीस, दोनदा छप्पन्न, सहा. चार चोक सोळा, सहा. सहा, सहा, नऊ — तोच वर्ग! या गणितात होतं असं, एका वर्गाला दोन धनी. आता कुठला धरायचा — त्याच्या घराचा की माझ्या खोलीचा? वहिनींना काय विचारणार? दोघांनाच यायचं म्हटलं ना.

हं, उघडली. बघा, सामान आहे ना सगळं? नवा आकडा तुम्हीच लावा, हा खटका दाबून. मला सांगू नका. घरी कुणालातरी सांगून ठेवा — काय? दादानं कुठला धरला असेल, मला काय वाटतं?

बॅग उचला आता. मागे माणूस उभा आहे.