सत्तरीची रांग

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही इंदूरच्या एका इस्पितळात बाकावर बसला आहात. शेजारी काळ्याभोर मिशीचे जयसिंगराव, त्यांच्या पत्नी इंदिराबाई आणि नात संहिता. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन विमा नसल्यानं अडलंय.

“अहो, सत्तरीवरच्यांची सरकारी कार्डं बनतायत! इलाज फुकट! उठा ना!”

“ती म्हाताऱ्यांची लाईन आहे. मी नाही जात.”

“परवाच सत्तर झालात की! सगळ्या घराचा विमा काढलात, फक्त स्वतःचं नाव सोडलंत.”

“पुरुष माणसाला काय होतं? होळकरांच्या फौजेतलं घराणं आपलं!”

“मग काल रात्रभर कण्हत कोण होतं? फौज?”

“हळू बोल! समोर आपले शेजारी तिवारीजी बसलेत. त्यांना मी बासष्ट सांगितलंय.”

“आजोबा, तिवारीजीच त्या लाईनीत चाललेत! बघा!”

“अरे भिया! हा पण सत्तरचा निघाला?”

“कार्डाची खिडकी बंद होईल हो, अब तो चलो!”

“राहू दे. दुखणं आपोआप थांबेल.”

मग संहितानं आजोबांच्या पायातल्या चपला ओढून काढल्या, धूम पळाली आणि तिवारीजींच्या मागे, रांगेत, आजोबांचा नंबर म्हणून नीट मांडून ठेवल्या.