कुंडीत काही नाही

—नक्को, कुंडीला हात नको लावूस, सायली. कॉलेजनं सरांची वही आणायला पाठवलंय ना तुला, मग वही ने. आधी बस. जाम खा—तुमच्या पुण्यात पेरू म्हणतात. पोपटानं टोचलेला नको घेऊस, तो भुंग्याचा. हे म्हणायचे, फळं खाणारा भुंगा फळ फोडतच नाही, तेवढा जबडाच नाही बिचाऱ्याला—दुसऱ्यानं फोडलेलं खातो, आणि बदनाम होतो तोच. विद्यानगरच्या ह्या अंगणात चाळीस वर्षं हेच ऐकलं मी.

मागल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. एक दिवस ह्या कुंडीतल्या पाल्यात भुंगा शिरताना दिसला ह्यांना—अंडी घालायला. झालं! रोज खुर्ची कुंडीपाशी, रोज वहीत एक ओळ, पिल्लं कधी निघतात म्हणून. दुसरं काय उरलं होतं त्यांना? आणि मी काय केलं? हे झोपलेले, मी पाला हलवला, तर खाली पांढऱ्या, लठ्ठ अळ्या—हुमणी! माहेरी परभणीकडे हुमणीनं अख्खा ऊस वाळवलेला बघितलाय मी. म्हटलं, ह्यांच्या भुंग्याची अंडी ह्याच खातील मेल्या—नेमकं त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं. मग आठवलं. लग्न झालं तेव्हा ह्यांनी ताटात अळी ठेवून दाखवली होती मला—हुमणी कुशीवर वळवळते, आणि ही भुंग्याची उताणी होऊन पाठीवर चालते, पाय वर! किती हसलो होतो आम्ही. एक ताट आणलं असतं तर कळलं असतं गं, ती ह्यांचीच पिल्लं होती.

सांगितलं का? नाही. कुठल्या तोंडानं सांगू? नवा पाला घातला, रोज पाणी घालत राहिले. "निघतील हं," मी म्हणायचे. ते मान हलवायचे. एकदा त्यांच्या नखांत माती दिसली—मी रागावले, नखं धुतली, पुसली. डोक्यात काही आलंच नाही माझ्या.

ते गेल्यावर वही उघडली. शेवटची ओळ बघ—मोठ्यानं नको वाचूस, पाठ आहे मला. 'कुंडीत काही नाही. सुमनला विचारू नये.' तारीख बघ. त्यानंतर अडीच महिने होते ते—अडीच महिने, रोज सकाळी खूण करायचे, खुर्ची कुंडीपाशी ने म्हणून. आणि मी "निघतील हं" म्हणायचे.

तू कैकू रडतेस? ऊठ, बस चुकेल तुझी. वही घे. कुंडी राहू दे—पाणी घालायचंय मला.