गरौठ्याचं तिकीट

झाशीच्या बस अड्ड्यावर चक्क मराठी कानावर पडली, तशी रांगेतल्या शारदेने हातातलं मासिक मिटलं. तिच्या पुढे एक बहीण-भाऊ उभे होते. तिकीट खिडकीवर नव्या भाड्याचा फळा टांगला होता.

“म्हणजे आता सगळीकडे एकच भाडं नाही?”

“नाही. जितके टप्पे, तितके पैसे. न्यायाचं झालं, अनू. मी रोज नोकरीला बरुआसागरला उतरणार आणि भाडं गरौठ्याचं भरणार, ही कुठली रीत?”

“अरे वा! मोठा न्यायाधीश लागून गेलास.”

“ज्याला लांब जायचंय त्यानं जास्त द्यावं. सीधी बात आहे.”

“आणि मी लांब गेले ती काय हौसेनं? मला इथलंच, खंडेराव गेटचं स्थळ आलं होतं, दादा. बाबा आणि तूच म्हणालात, गरौठ्याला शेती आहे, तिकडेच देऊ.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काहीच नाही. लांब तुम्ही धाडायचं आणि टप्पे मी मोजायचे!”

“हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. इथे मराठी कळतंय कुणाला?”

शारदेने घाईने मासिक पुन्हा उघडलं.

“एवढंच सांग, माझ्या लग्नानंतर तू स्वतः गरौठ्याचं तिकीट कधी काढलंस?”

भाऊ फळा वाचू लागला.

“गरौठा?” खिडकीतून आवाज आला. “एक या दो?”

“एक ही, भैया,” भाऊ चटकन म्हणाला. “हम तो सिर्फ छोड़ने आए हैं.”

“हे मात्र खरं बोललास, दादा.”