फाटकाचा चढ

पंक्चर निघेपर्यंत हर्षा अर्जुनी मोरगावच्या सायकल दुकानात बाकावर बसली होती. तेवढ्यात एक बाई सायकल ढकलत आली. मागून गुडघ्याला पट्टी बांधलेली तिची मुलगी.

“बकारामभाऊ, काल तुमी नवी चेन टाकली. आज रेल्वे फाटकाच्या चढावर सटकली अन् खुशबू पडली. उद्या पेपर आहे तिचा, बारा किलोमीटरवर.”

“चेन नवीच आहे, कुसुमबाई. पोरगी जोर लावत असन.”

“चढावर जोर नाही लावन त काय करन?”

“पोरींले चालवता येत नाही, अन् नाव चेनचं.”

“दोन वर्षांपासून शाळेत जाऊन राहिली ते. काल तुमचा हात लागला अन् आज चालवणं विसरली काय?”

“काका, पेडलजवळच्या चक्क्याचे दाते पाहा,” खुशबू म्हणाली. “झिजून सुया झाल्या. नवी चेन त्याच्यात बसतच नाही, वर चढते.”

“तू मले शिकवतं? चक्का चांगला आहे.”

“चांगला आहे त सायकलवर बसा. फाटक चढून या. आमी इथंच आहो.”

बकारामने सीटवर हात ठेवला, चढाकडे पाहिलं आणि पाना उचलला.

“ताई, तुमचं पंक्चर थोडं थांबन.”

“थांबू द्या,” हर्षा म्हणाली. “मग माझ्याही चक्क्याचे दाते दाखवा.”