पूजेतला पाना

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीही थांबू द्या. निरूपण मागाहून, आधी मला एक सांगा!

आपल्या हातून एक काम अर्धवट राहिलं. वरून झाकण बसलं, त्यामुळं कुणाला दिसलं नाही. आपणही विसरलो. अन् मग अचानक — आठवलं! त्या आठवल्या क्षणापासून तोंडातून खरा शब्द बाहेर पडायला किती वेळ लागावा?

कोण म्हणालं लगेच? तुम्ही? बरं. तुमचं नाव ध्यानात ठेवतो. आख्यान संपलं की पुन्हा विचारणार आहे!

गडहिंग्लजला एक बसवंतअण्णा राहतात. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. माणूस सरळ, पण काटेकोर किती? टपालाच्या पिशवीवरचा लाखेचा शिक्का जरा वाकडा बसला, तर खालच्या माणसाला लेखी मेमो! निवृत्तीनंतर अण्णांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. निळी. आधीचे दोन मालक तिला वापरून थकले होते. अण्णांनी ठरवलं — हिला परक्याचा हात लागू द्यायचा नाही. मोबाइलवर बघून बघून शिकले. तेल बदललं, प्लग साफ केले, पंख्याचा पट्टा बदलला. वाईट काय त्यात? काहीच नाही! हाताला काम शिकवणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण डाव्या दाराला गंज लागला, तेव्हा अण्णांनी ते ब्रशनं रंगवलं. आता गाडी एक निळी अन् दार दुसरंच निळं! गल्लीत सगळ्यांना दिसायचं. अण्णांना दिसत नव्हतं. त्यांचे जावई हेमंतराव, सावंतवाडीचे. ते हसून म्हणायचे, "मामा, दार दुसऱ्या गाडीचं बसवलंत का?"

अण्णा म्हणायचे, "उन्हात उभं राहून बघताय म्हणून तसं दिसतंय."

"मग सावलीत कधी दिसणार, मामा?"

हसताय? हसा. पण ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हे दारच पुढं कामाला येणार आहे.

तर नवरात्र. अण्णांची लेक सुवर्णा सात महिन्यांची तान्ही घेऊन माहेरी आलेली. दसऱ्याला हेमंतराव न्यायला येणार. बरोबर पाळणा, बोचकी, बाळाचं सामान. अण्णा म्हणाले, "एसटीनं कशाला? माझी गाडी न्या. दिवाळीला आणून द्या." अन् आंबोलीचा घाट उतरायचा म्हणून खंडेनवमीच्या सकाळी अण्णांनी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. स्वतः!

उजवं चाक झालं. डावं काढलं, पॅड घातले, चाक परत चढवलं. चार नट बोटांनी फिरवून बसवले. जॅक उतरवला. आता चाक जमिनीला टेकलं की लांब दांड्याच्या पान्यानं, अंगाचा जोर लावून, चारी नट करकचून आवळायचे. गाडीवाले माना हलवताहेत बघा! हे शेवटचं काम. एका मिनिटाचं.

एवढ्यात मागनं गौराक्का आल्या — अण्णांच्या सौभाग्यवती. हातात हळदकुंकवाचं ताट.

"द्या तो पाना."

"एक मिनिट थांब."

"तुमचं मिनिट मला ठाऊक आहे! पूजा मांडलीय. पक्कड आली, हातोडी आली, विळी आली, एवढा पानाच राहिलाय. द्या!"

"अगं, एकच मिनिट —"

पाना हातातून गेला! आता खंडेनवमीचा नेम तुम्हाला सांगायला नको. हत्यार एकदा पूजेत बसलं की पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अण्णांनी मनाशी म्हटलं, "उद्या पूजा उचलली की आवळू." इथवरही बिघडलं नव्हतं. पण काटेकोर माणूस! चाक उघडं दिसतंय, हे त्यांना बघवेना. त्यांनी चाकावरची गोल टोपी उचलली अन् तळहातानं ठोकून बसवून टाकली. टप्! चाक कसं दिसलं? पुरं झाल्यासारखं!

मंडळी, अण्णांची चूक पान्याची नाही. टोपीची आहे.

दसरा उजाडला. गाडी धुतली. पुढं झेंडूची घसघशीत माळ, चारी चाकांना कुंकवाची बोटं. कुंकू लावलं कुठं? त्या टोपीवरच! हेमंतराव म्हणाले, "मामा, निघण्याआधी गॅरेजमध्ये एकदा दाखवू या का? तान्ही आहे बरोबर."

अण्णांना राग आला. "माझ्या हातचं काम आहे. डोळे मिटून घाट उतरा!"

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. सुवर्णा मागं बसलेली, मांडीवर बाळ. कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णा हात हलवत होते.

दहा अठ्ठावन्न. गौराक्का पूजेपुढं नैवेद्य ठेवायला वाकल्या अन् सहज म्हणाल्या, "एवढा मोठा पाना लागतो तरी कशाला हो? काल एक मिनिट, एक मिनिट करत होता."

अण्णा पेपर वाचत होते. डोळे ओळीवरच थांबले. ते एक मिनिट... ते मिनिट पुढं कुठं गेलं?

पेपर खाली ठेवला. उठले, पूजेपाशी गेले. झेंडूच्या ढिगात पाना निजलेला. दांड्यावर कालचं कुंकू वाळलेलं.

"काय झालं हो?"

"काही नाही."

बघा! पहिला शब्द काय आला? काही नाही!

अकरा वाजता फोन लावला. लागला! हेमंतरावांनी उचलला. आता काय बोलायला हवं होतं? थांबा! एवढंच ना? तीन अक्षरंसुद्धा नाहीत! अण्णा काय बोलले?

"हेमंतराव, कुठवर?"

"आजरा सोडला, मामा."

"गाडी कशी चाललीय?"

"छान. फक्त डावीकडनं मघापासून टकटक असा आवाज येतोय."

अण्णांच्या जिभेवर शब्द आलेला. पण सकाळचं ते वाक्य आडवं उभं — डोळे मिटून घाट उतरा! अन् अण्णा म्हणाले, "माळ... माळेचा दोरा आपटत असेल."

"हां, तसंच असेल. ठेवतो मामा, रेंज जाते इथं."

फोन बंद. मंडळी, फोन लागला होता, माणूस ऐकत होता, अन् आपण बोललो दोऱ्याबद्दल!

अकरा वाजून दोन मिनिटं. बसवंतअण्णांनी पुन्हा लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. सुवर्णाचा लावला. बाहेर. अकरा सहा. बाहेर. अकरा नऊ, अकरा बारा... अण्णा सोप्यातून दारात, दारातून सोप्यात. डोळ्यांपुढं काय? चाक नाही, गाडी नाही. बाळाची लोकरीची टोपी. तेवढीच! तासाला चाळीस धरले तर घाटाच्या तोंडाला कधी? बाराच्या आत. चाळीस मिनिटं राहिली, पस्तीस राहिली...

अन् मग आठवली सुमन गावडे. घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या पोस्टाची बाई. पोस्ट तिच्या घरातच, घर रस्त्याला लागून, अन् तिथं तारेवरचा जुना फोन! पण सुमन कोण? जिला बारा वर्षांपूर्वी, तिकडं बदलीवर असताना, वाकड्या शिक्क्यासाठी मेमो दिला, तीच! बाई तेव्हा गयावया करत होती, "सायब, लाख थंड झाली होती." अण्णांनी ऐकलं नव्हतं.

अकरा वीसला फोन लावला. अन् शेवटी तोंड उघडलं!

"सुमन, मी बसवंत. माझी लेक, जावई, तान्ही नात गाडीनं घाटाकडं येताहेत. पुढचं डावं चाक — त्याचे नट मी आवळले नाहीत. मीच! गाडी अडव. पाया पडतो."

मागं गौराक्कांच्या हातातलं ताट खाली पडलं.

सुमननं ना मेमो काढला, ना हिशेब. म्हणाली, "सायब, गाडी कसली ता सांगा."

"निळी, छोटी. पुढं झेंडूची माळ."

"आज सगळ्या गाड्यांक माळ आसा! नंबर?"

अण्णांनी नंबर सांगितला. अन् सांगतानाच आठवलं, माळ त्यांनीच नंबरावरून सोडली होती!

"नंबर दिसणार नाही... सुमन, डावं दार बघ. दार वेगळ्या निळ्या रंगाचं आहे. लांबूनसुद्धा कळतं. रंग माझा चुकलाय."

तीन वर्षं जे दिसत नव्हतं, ते गडहिंग्लजमध्ये बसून आंबोलीच्या रस्त्यावर दिसलं की नाही?

सुमन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, हातात टपालाची लाल पिशवी. एक गाडी गेली. दोन गेल्या. कुणी भोंगा वाजवला, कुणी शिवी घातली. अकरा अठ्ठेचाळीसला वळणावरून निळी गाडी आली. सुमननं पिशवी हलवली. गाडी थांबली. हेमंतराव उतरले, चाकावरची टोपी ओढून काढली — अन् एक नट आपोआप त्यांच्या पायाशी पडला! टोपीच्या आत टकटक करत होता, तोच! दोन नट बोटानं फिरत होते. एकटा चौथा तेवढा धरून होता. पुढच्या वळणापासून घाट!

पण आवळायचं कशानं? गाडीतला पाना गडहिंग्लजला, पूजेत! शेजारी सुमनच्या दिराची जीप उभी होती. तिचा पाना? तोही पूजेत! सुमन घरात शिरली, पूजेला हात जोडले अन् पाना उचलला.

सासू ओरडली, "अगो, पूजा अजून उचलूक नाय!"

"देवाक सांगा, पाच मिनिटांत आणून ठेवतंय!"

मंडळी, त्या पान्याची खरी पूजा कधी झाली? पाटावर असताना, की चाकावर?

इकडं गडहिंग्लजला फोनची घंटा वाजली. बारा वाजून चार मिनिटं. गौराक्का देवापुढं बसलेल्या, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अण्णांनी उचलला. पलीकडं सुमन.

"सायब, सगळी बरी आसत. बाळ झोपलाहा. अन् आयका — शिक्को वाकडो चालता. नट ढिलो चालना नाय."

"खरं आहे, बाई. मेमो चुकला माझा."

मग हेमंतराव फोनवर आले. "मामा, आवळले चारी. काळजी करू नका. वेळेवर आठवलं तुम्हाला."

इथं सुटले असते अण्णा! जावयानं दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. अण्णांनी भिंतीला हात टेकला.

"नाही, हेमंतराव. मी मघाशी फोन केला, तेव्हाच मला आठवलेलं होतं. तुम्ही टकटक म्हणालात, तेव्हाही मी बोललो नाही."

मग हेमंतराव हळूच म्हणाले, "सुवर्णाला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. तिच्या हातात फोन द्या. मी सांगतो."

मागून गौराक्का उठल्या अन् त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

दहा अठ्ठावन्नला आठवलं, अकरा वीसला तोंड उघडलं. सरळ, काटेकोर, पापभीरू माणूस — पोटच्या लेकीसाठीसुद्धा त्याला बावीस मिनिटं लागली!

आता तुम्ही. हो, तुम्हीच, मघाशी लगेच म्हणालेले! अन् बाकीचे खाली बघू नका. तुमच्या घरातलं कुणीतरी या घडीला तुमच्या शब्दावर विसंबून रस्त्यानं चाललंय. तुम्ही त्याला म्हणाला आहात, डोळे मिटून जा. अन् एका टोपीखाली काय ढिलं ठेवलंय, ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आठवलं ना? चेहऱ्यावरून दिसतंय!

आरतीला अजून अवकाश आहे. तबक लावून होईस्तोवर देवळाबाहेर जा, पारापाशी रेंज चांगली येते. ज्याला करायचा, त्याला फोन करून या. पांडुरंग तोवर थांबेल. त्याला उभं राहायची सवय आहे. पण त्यांची गाडी चालू आहे!